अकरा महिन्यांचा भाडेकरू

विनू, आधी भांडून घेते, रडायचं मग बघू.

तुला दवाखान्याच्या दारात उतरवलं तेव्हा आतल्या डॉक्टरनं विचारलं, "पेशंटचे नातेवाईक कोण?" मी पुढं झाले. माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र बघून त्यानं सह्यांचे कागद माझ्यापुढं सरकवले. युनूसभाई तुझ्या चपला हातात धरून भिंतीला टेकून उभे होते. तुझी रक्तदाबाची कुठली गोळी सकाळी आणि कुठली जेवणानंतर, हे त्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. डॉक्टरनं विचारलं मला. मी म्हटलं, "थांबा, विचारून सांगते." तो माझ्याकडं असा बघून राहिला की ही कसली बायको. त्याचंही बरोबरच होतं म्हणा.

आणि तू गेलास हे कळलं तेव्हा माझं तोंड सुटलं. "अरे, असं कुठं असतंय का रे," असं मी सगळ्यांदेखत ओरडले. इतकी वर्षं चारचौघात 'अहो' आणि क्लासमधे 'सर', दार लावलं की 'अरे', हा आपला नेम मी एकदाही मोडला नव्हता. त्या दिवशी दार उघडं होतं. तुझी चुलती रडायची थांबून माझ्या तोंडाकडं बघायला लागली. पुढचे चार दिवस बायकांत तेवढीच चर्चा, की मॅडम शिकलेल्या आहेत ना, नवऱ्याला अरेतुरे करतात. म्हणू देत.

सांत्वनाला आलेला प्रत्येक माणूस माझ्याकडं आला. आपल्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी जे डॉक्टर झालेत ते लांबून लांबून आले, पाया पडले, "मॅडम, धीर धरा" म्हणाले. माझी पाठ थोपटून थोपटून लोकांनी दुखवली. आणि ज्याचा संसार खरा मोडला होता तो मांडवात खुर्च्या लावत होता, पाण्याचे जग भरत होता, आलेल्यांना चहा देत होता. कुणीतरी त्याला म्हणालं पण, "युनूसभाई, तुमचे मालक लई चांगले होते." तो हाव म्हणाला आणि रिकामे कप गोळा करायला लागला. विनू, रडायचा हक्क त्याचा होता आणि वाटणीला आला माझ्या. हे मला अजून सोसवत नाही. तुझ्या जाण्याचं दुःख एकीकडं, आणि तुझ्या जाण्याचा हा मानपान एकीकडं.

मी कागदावरची बायको होते. तुला बाई नको होती, मला पुरुष नको होता, इतकी साधी आपली गोष्ट. दोघांच्याही घरचे लग्नासाठी हात धुऊन मागं लागले होते. पण आपल्याला शहाणपण आलं ते घरच्यांमुळं नाही, भूकंपामुळं आलं.

आठवतंय ना, आपण दोघं तेव्हा नांदेडला कॉलेजात नवे नवे शिकवायला लागलो होतो, आणि भूकंपानंतर मदतीला म्हणून आपल्याला किल्लारीकडं पाठवलं. पत्र्याच्या शेडमधे बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. तू भौतिकशास्त्रवाला, मी जीवशास्त्रवाली, दोघांनाही त्या अर्जांतलं ओ की ठो कळत नव्हतं. एक बाई रोज यायची. ज्याच्यासोबत तिनं सगळं आयुष्य काढलं तो माणूस ढिगाऱ्याखाली गेला होता. लग्न लागलेलं नव्हतं, रेशनकार्डावर तिचं नाव नव्हतं. मदतीचे पैसे मिळाले त्याच्या पुतण्याला, ज्यानं चुलत्याचं तोंड कित्येक वर्षं बघितलं नव्हतं. ती बाई भांडली नाही, रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "मंग मी कोण म्हणायची?" तलाठ्यानं पुढच्याचं नाव पुकारलं. तू त्या दिवशी जेवला नाहीस. संध्याकाळी शेडच्या मागं उभा राहून म्हणालास, "शैले, आपलं काय व्हईल गं?" आपलं म्हणालास. मी तुला माझ्याबद्दल काही सांगितलं नव्हतं आणि तूही मला नाही. तरी त्या एका शब्दात दोघांना सगळं कळलं. मला इतकं हलकं वाटलं होतं की मी हसले, आणि अशा जागी हसल्याची लाज वाटली.

पुढं महिन्याभरानं नांदेडच्या बसस्टँडवर तू भजी खाता खाता म्हणालास, "लग्न करतीस का माझ्याशी? म्हणजे तसलं न्हाई." मी म्हटलं, "तसलं न्हाई तर मग कसलं, ते आधी बसून ठरवू." आपल्याकडं लग्नाआधी दोन्हीकडचे जाणते बसून यादी करतात, पोशाख कुणी, भांडी कुणी, कार्यालय कुणाचं. त्यांच्या यादीच्या कितीतरी आधी आपली झाली, गोदावरीच्या घाटावर बसून, तोंडी. पगार ज्याचा त्याच्याकडं. घरखर्चाचं खातं दोघांच्या नावावर, बाकीची वेगळी. कर्ज ज्यानं काढलं त्यानं फेडायचं, दुसऱ्यानं जामीन राहायचं नाही. माझे दागिने माझ्या कपाटात. मूल नको, आणि लोकांनी विचारलं तर दोघांनी एकच उत्तर द्यायचं, दोष एकट्या माझ्यावर टाकायचा नाही. हे मी तुझ्याकडून दोनदा वदवून घेतलं, कारण नाहीतर जन्मभर गावातल्या बायका मला वैद्यांचे पत्ते देत बसल्या असत्या. तरी दिलेच. सगळ्यात शेवटी तू म्हणालास, "एकमेकांच्या माणसाला घराचं दार बंद करायचं न्हाई." तुझ्या मनात युनूसभाई होते. नांदेडच्या जुन्या गावात पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकं बांधणाऱ्या घरातला तो मुलगा मी तोवर पाहिलाही नव्हता. माझ्या मनात सुलभा होती.

सुलभा आली नाही. चार वर्षं येते येते म्हणाली आणि हैद्राबादला लग्न करून गेली, खरंखुरं लग्न. माझ्या बाजूचं ते कलम रिकामंच राहिलं. तू त्यावर मला कधी एक अक्षर बोलला नाहीस, फक्त त्या वर्षी दिवाळीला मला न विचारता रेडिओ घेऊन आलास. तेव्हा मी तुझ्यावर चिडले होते, की मला दया नको. आज सांगते, त्या रेडिओनं मला तारलं.

यादी झाली, पण तू पडलास मास्तर. तुला कुणीतरी तपासून दिल्याशिवाय चैन कुठलं. नांदेडातच, वजिराबादच्या त्या म्हाताऱ्या वकिलांकडं तू मला घेऊन गेलास आणि सुरुवात केलीस, "आमच्या एका मित्राचा प्रश्न हाय." मला हसू आवरेना. मित्राला लग्न करायचंय, पण नावापुरतं, असं तू घाम पुसत पुसत सांगत होतास. वकिलांनी एक लवंग तोंडात टाकली आणि विचारलं, "त्या पोरीला सगळं माहीत हाय?" मी म्हटलं, "हाव." मग जीभ चावून म्हटलं, "म्हणजे, मित्र सांगत होते तसं."

त्यांनी आपल्याकडं बघितलंच नाही. सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगितलं. "तुमच्या मित्राला म्हणावं, नावापुरतं लग्न असली चीज कायद्यात न्हाई. लागलं की पुरतं लागतं. उद्या पोरीनं पोटगी मागितली तर द्यावी लागंल. तो मेला तर ती वारस, ती मेली तर तो वारस. अन् एकानं जरी काही लपवून ठेवलं असंल तर फसवणूक म्हणून कोर्टात जायला दुसरा मोकळा. म्हणून लपवाछपवी नको म्हणावं. कर्जाचीसुद्धा."

"स्टँपपेपरवर तसं लिहून घेतलं तर?" तू विचारलंस.

"काय लिहिणार? की आम्ही नवराबायकोसारखं राहणार न्हाई? असला करार कोर्ट फेकून देतं. अन् नको त्याच्या हाती लागला तर तोच कागद घेऊन पोलीस दारात येतील." तेव्हाचा कायदा तसाच होता. तू माझ्या शेजारी असा आखडून बसलास की मला तुझा हात धरावासा वाटला. धरला नाही, कारण वकील काय म्हणतील.

मग ते जरा सैल झाले. घर घेतलं तर दोघांच्या नावावर, आणि अर्धं अर्धं असं रजिस्ट्रीत स्पष्ट लिहायचं. विम्यावर, बँकेत नॉमिनी टाकायचा, पण त्यावर विसंबायचं नाही. "नॉमिनी म्हणजे मालक न्हाई. पैसे उचलून वारसाच्या दारात नेऊन टाकणारा हमाल," हे त्यांचं वाक्य तू पुढं जन्मभर वापरलंस. मृत्युपत्र लग्नाच्या दुसऱ्या दिवशी करायचं. आणि उठता उठता ते म्हणाले, "तुमच्या मित्राचं अजून कुणी माणूस असंल, तर त्याला कागदावर कुठंतरी बसवा म्हणावं. भागीदार करा, भाडेकरू करा, काहीबी करा. कागदावर नसलेल्या माणसाला घराबाहेर काढायला वेळ लागत न्हाई." फी घेतली नाही. लग्नाला आले, पोटभर जेवले, आणि जाताना तुझ्या कानाशी म्हणाले, "तुमच्या मित्राला आशीर्वाद सांगा."

त्यांनी सांगितलेलं सगळं आपण केलं. एक सोडून.

लातूरला आलो तेव्हा गल्लोगल्ली क्लास उघडत होते. बाहेरगावचे आईबाप ट्रंका आणि गाद्या घेऊन उतरायचे आणि पोरांना आपल्या ताब्यात देऊन डोळे पुसत परत जायचे. तुझं भौतिकशास्त्र, माझं जीवशास्त्र, आणि नोट्स छापायला, बांधायला युनूसभाई. आपलं तीन मजली घर उभं राहिलं. खाली क्लास आणि छपाईचं यंत्र, मधे मी, वर तुम्ही दोघं. जगाला सांगायचं की सरांची अभ्यासाची खोली वर आहे आणि शेजारच्या खोलीत प्रेसवाले भाड्यानं राहतात. भाडेकरूचा करार अकरा महिन्यांचा, कारण सगळे तेवढ्याचाच करतात. अकरा महिने झाले की परत नवा.

लोक लग्नाचा वाढदिवस करतात, तुम्ही कराराचा केलात. युनूसभाई नवा शर्ट घालून सही करायचे. तू घरमालकासारखा चेहरा करून अटी मोठ्यानं वाचायचास, "भाडेकरूने भिंतींना खिळे ठोकू नयेत," आणि ते म्हणायचे, "मालक, खिळा तो आप ठोके वो कॅलेंडर के वास्ते." मग ते डबल का मीठा, पावाचं गोड, करायचे आणि मला खाली आणून द्यायचे. "भाभी, और ग्यारा महिने मिल गये." मी चेष्टा करायचे, की पुढच्या वेळी भाडं वाढवा याचं. गावाकडून, लोह्याहून, तुझा भाऊ दिनेश यायचा तेव्हा तुला बजावून सांगायचा, "दादा, इतका जुना भाडेकरू बरा नसतो. एक दिवस घर त्याचं होऊन बसंल." आपण तिघं त्याच्यासमोर मान डोलवायचो आणि तो गेला की पोट धरून हसायचो.

वर तुमचं चालायचं ते मला खाली ऐकू यायचं. पंखा किती जोरात लावायचा, भाजीत मीठ कुणी जास्त टाकलं, सामना बघायचा की बातम्या. मी तुला कधी म्हटलं नाही, पण मला हेवा वाटायचा, विनू. लई वाटायचा. आणि त्या आवाजाशिवाय मला झोपही यायची नाही. दोन्ही खरं होतं.

आता आपलं अर्धवट राहिलेलं भांडण.

दरवर्षी मी म्हणायचे, मृत्युपत्र कर. दरवर्षी तू म्हणायचास, यंदाचा निकाल लागू दे. निकाल लागला की ॲडमिशन, ॲडमिशन झाली की नवी बॅच, नवी बॅच बसली की चाचण्या. आपल्या धंद्यात वर्ष कधी संपतच नाही. पोरांना फळ्यावर लिहून द्यायचास, की शेवटच्या दिवसावर काही ठेवू नका. मला इतका राग यायचा त्या फळ्याचा. मला वाटायचं तू भितोस, भावाला, गावाला. तुम्हा दोघांना गुन्हेगार ठरवणारा तो कायदा बदलला तेव्हा मी पेढे आणले आणि म्हटलं, आता तर लिही. तू पेढा खाल्लास आणि म्हणालास, बघू.

मागच्या उन्हाळ्यात मात्र तू खरंच कागद घेऊन बसलास. वकिलांकडून नमुना आणला होतास. मी चहा घेऊन वर आले तर तू चिडून बसलेला. "शैले, हे वाच. सगळ्या मृत्युपत्रांत हेच लिहितेत. 'त्यांनी माझी सेवाशुश्रूषा केली म्हणून.' सेवा केली म्हणून? तो काय माझा गडी हाय?" मी म्हटलं, मित्र लिही. "मित्राला कुणी घर देतं का? दिनूचा वकील एका दिवसात पाडंल ते." मी म्हटलं, भागीदार लिही. "प्रेसचा? मग घर कशाला?" मी वैतागून म्हटलं, "मग काय ते खरं लिही." तू पेनाचं टोपण काढलंस, परत लावलंस. शेवटी म्हणालास, "खऱ्याला आपल्या मराठीत शब्द सांग की. मी लिहितो." मला सुचला नाही. मी जीवशास्त्राची बाई, मला कुठून सुचणार. तू कागद घडी घालून ठेवलास आणि म्हणालास, निकालानंतर बघू.

म्हणजे तू भीत नव्हतास. खोटं लिहायचं नव्हतं तुला. हे मला तू गेल्यावर नीट कळलं, आणि तरीही माझा राग गेलेला नाही. चुकीचा शब्द चालला असता रे. सेवा तर सेवा. माणूस घरात राहिला असता.

कारण तेरावा झाला आणि दिनेश माझ्यासमोर बसला. दिनेश वाईट नाही, तुला माहीत आहे. लोह्यात खताचं दुकान चालवतो, आईंना सांभाळतो, त्याला हिशोब कळतो. तो म्हणाला, "वहिनी, अर्धं घर तुमचंच हाय. दादाच्या अर्ध्यात तुम्ही अन् आई, दोघी वारस. म्हणजे आईचा चवथा हिस्सा. मला काही नको, पण आईचं आईला पायजे." कायद्यानं अगदी बरोबर बोलला. पुढं म्हणाला, "अन् तो वरचा भाडेकरू. दादाबरोबर केलेला करार दादाबरोबर गेला. आता त्यांना म्हणावं, बघा कुठं जागा. पोरांना खोल्या दिल्या तर भाडं दुप्पट मिळंल." युनूसभाई तेव्हा दारात चहाचा ट्रे घेऊन उभे होते. त्यांनी ट्रे ठेवला आणि मला म्हणाले, "भाभी, मैं नांदेड चला जाता. भतीजे हैं." पुतण्यांकडं कोण राहतं या वयात. मी म्हटलं, "बसा खाली." एरवीचं माझं खेकसणं लटकं असायचं, हे खरं होतं.

दुसऱ्या दिवशी मी बसनं लोह्याला गेले. दिनेश दुकानावर होता. आई ओसरीत तांदूळ निवडत होत्या, त्यांना दिसतं काय देव जाणे. मी वाटेत चार प्रकारे बोलायची तयारी केली होती. जुना भाडेकरू आहे म्हणायचं, का प्रेसमधे त्यांचा पैसा आहे म्हणायचं, का तुमच्या मुलाची शेवटची इच्छा होती म्हणायचं. यातलं एकही धड नव्हतं. मी नुसती त्यांच्याजवळ बसले आणि मला रडू आलं. तू गेल्यापासून खरं रडू ते पहिलं.

त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "त्याला कुठं घालवायलीस?"

"कुणाला?"

"युनूसला. दिनू म्हणत हुता, वरली खोली रिकामी करायची."

मी म्हटलं, "आई, तुमचा हिस्सा आहे त्यात. तुम्ही म्हणाल तसं."

त्या पुन्हा तांदळाकडं वळल्या. "माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तवा मी महिनाभर हुते ना तुमच्याकडं. औषधाचे थेंब कोण घालायचं? तोच. जिना उतरताना हात कोण धरायचं? तोच. एक दिवस त्यानं विनूला म्हणलं, भाजी अळणी झाली. विनू ताट सारून गेला उठून. अन् हा मागं गेला मनवायला, परत वाढून घेऊन. भाडेकरूवर असं कुणी रुसतं का गं?" मी तांदळातला एक खडा वेचून टाकला. "मोतीबिंदू डोळ्याला झाला हुता, ध्यानाला न्हाई."

"तुम्ही कधी बोलला नाहीत, आई."

"काय बोलायचं? पोरगं जेवत हुतं, हसत हुतं. तू बी नीट हुतीस. मला लई वाटायचं की तुझी काहीतरी आबाळ हुतीय. एकदा विचारणार हुते. पण तू त्या दोघांवर अशी खेकसायचीस, मला वाटलं, न्हाई, बरी हाय ही." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "कुठं अंगठा द्यायचा तिथं ने मला. दिनूला मी सांगते."

दिनेशला त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि मग स्वतः आईंना गाडीतून लातूरला घेऊन आला. आत मात्र आला नाही, गाडीतच बसून राहिला. तेवढं त्याचं राहू दे.

मी आता तुझ्यासारखं निकालाची वाट बघत बसणार नव्हते. मृत्युपत्र केलं तर उद्या मी गेल्यावर कुणीही उठून हरकत घेणार. म्हणून एकाच दिवशी दोन दस्त. आधी आईंचं हक्कसोडपत्र माझ्या नावे, आणि लगेच मी वरच्या मजल्याचं बक्षीसपत्र युनूसभाईंच्या नावे. बक्षीस घेणाऱ्याला हजर राहावं लागतं, म्हणून ते होते. नवा शर्ट घातला नव्हता त्यांनी. तुझाच निळा होता, खांद्यात सैल.

निबंधकांच्या ऑफिसात ही गर्दी. आईंचा अंगठा यंत्रावर उठेना. आयुष्यभर भांडी घासून, शेणानं सारवून त्यावरच्या रेषाच गेल्यात. युनूसभाईंनी रुमाल ओला केला, त्यांचा अंगठा हळू हळू पुसला, परत टेकवला. तिसऱ्यांदा उठला. साहेबांनी नियमाप्रमाणं विचारलं, "आजी, कुणी जबरदस्ती केली का?" आई म्हणाल्या, "मला कोण करतंय जबरदस्ती." मग माझा दस्त पुढं आला. टायपिंग करणाऱ्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "देणाऱ्याचं अन् घेणाऱ्याचं नातं काय? जवळचं असंल तर मुद्रांक कमी लागतो."

मी तोंड उघडलं आणि माझं तेच झालं, जे तुझं झालं होतं. युनूसभाई म्हणाले, "लिहा, भाडेकरू." मुलगी म्हणाली, "भाडेकरूला बक्षीस?" आणि तिनं मान वर केली.

आई बाकावरून म्हणाल्या, "घरचे हायत ते."

"घरचे म्हणजे?"

"माझ्या विनूच्या घरचे."

विनू, आपल्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव न घेता 'आमच्या घरचे' म्हणतात ना, अगदी त्या सुरात म्हणाल्या. कुठलीही बाई आपल्या सुनेबद्दल, जावयाबद्दल सांगते तशा. त्यांना त्यात अडण्यासारखं काही वाटलंच नाही. आपण तिघं शिकलेली माणसं, इतकी वर्षं अडून बसलो.

मुलीनं तिघांकडं बघितलं, पडद्यावरची यादी खालीवर केली. मग हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, असं नातं यादीत बसत न्हाई. पूर्ण मुद्रांक लागंल."

"पूर्ण घ्या," मी म्हटलं.

सह्या झाल्या. दस्ताची प्रत हातात आली आणि इतके दिवस जो माणूस मांडवात खुर्च्या लावत फिरला तो तिथं, त्या गर्दीत, आईंच्या पायाशी बसून मोठमोठ्यानं रडायला लागला. आई त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. लोक वळून बघायला लागले. रांगेतल्या एका शेतकरी बाईनं माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "घर गेलं का हो त्यांचं?"

"हाव," मी म्हटलं. "दोन महिने होतील आता."